रविवारच्या आधी वाच

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोन तू आपटलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. ते राहू दे. तुझं शेवटचं वाक्य, "मी धावणार म्हणजे धावणार", मला नीट ऐकू आलं. माझं शेवटचं वाक्य तुझ्यापर्यंत पोचलं नसावं, आणि ते एका अर्थी बरंच झालं.

हे पत्र तुला अडवायला लिहीत नाही. तुला अडवून कोणाचं काय झालंय ते मामा सांगेल. फोनवर मी बोलायला लागलो की तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मग माझा आवाज चढतो. कागदावर निदान आवाज चढत नाही.

मला कळलंय ते असं. ती ठरलेली स्पर्धा पुढे ढकलली गेली, म्हणून तू आपली आपण रस्ता ठरवून तेवढंच अंतर एकटी धावणार आहेस. अर्धी मॅरेथॉन, म्हणजे 21 किलोमीटर आणि वर 97 मीटर. मध्ये ताप येऊन गेला, त्यानंतर कामावरच्या त्या रात्रपाळ्या. सरावात सगळ्यात लांब गेलीस ती 12 किलोमीटर, तीही तापाच्या आधी. यातलं तू मला काहीच सांगितलं नाहीस, दादाने सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

अंतराची मला भीती नाही. खरंच नाही. तू संथ गेलीस, मधूनमधून चाललीस तर तुझे पाय ते अंतर कापतील. मला काळजी आहे ती तू थांबणार नाहीस याची. एवढं एकदाच लिहितो, पुन्हा नाही लिहिणार.

तुला आठवतं का माहीत नाही, शंभर टक्के हजेरीच्या त्या प्रशस्तिपत्रकाचं वर्ष. बाकीची पोरं शाळा बुडवायला थर्मामीटर गरम पाण्यात बुडवतात. तू काखेत धरल्यासारखं करून तो बाहेर हवेत ठेवायचीस. आईला वाटायचं ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तुझ्या वर्गशिक्षिका तुला घेऊन घरी आल्या तेव्हा तुझं अंग भाजत होतं आणि तू त्यांना सांगत होतीस, "बाई, हजेरी लागली ना?" मी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल! अगदी छाती फुगवून सांगितली. आजही सांगेन. पण काल रात्री तीच गोष्ट आठवली आणि झोप लागेना. आता थर्मामीटर तुझ्याच हातात आहे आणि घरी आणून सोडायला बाई नाहीत.

स्पर्धेत आणि एकटीने धावण्यात फरक हाच आहे बघ. लोकांना वाटतं, फरक पदकाचा आणि गर्दीचा. पण स्पर्धेत ठरावीक अंतरावर पाणी असतं, डॉक्टर असतात, आणि तुझा तोल जातोय हे बघून हाताला धरून बाजूला घेणारा कोणीतरी परका माणूस असतो. एकटीने धावताना धावणारी तूच आणि पंचही तूच. आणि दमल्यावर सगळ्यात आधी चुकायला लागतो तो पंच, पाय नंतर.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली. त्यात स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस शेवटच्या फेरीला मैदानात आली ती वाकडी होऊन, एक हात लोंबतोय, पाय भलतीकडे पडतायत. शेवटच्या पाणपोईवर तिचं पाणी हुकलं होतं. त्या एका फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त लागली, आणि ती 37 वी आली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. हे चित्र तुझ्या भिंतीवर लावायला तुला आवडेल, मला माहीत आहे. पण त्यातली दुसरी माणसंही बघ. डॉक्टर तिच्या शेजारून चालत होते. तिला हात लावला असता तर ती बाद झाली असती, म्हणून ते फक्त बघत होते. तिला अजून घाम येतोय, म्हणजे शरीर अजून स्वतःला थंड करतंय, हे बघून त्यांनी तिला जाऊ दिलं. तिची जिद्द खरी, पण तो निर्णय तिचा एकटीचा नव्हता. रविवारी तुझा घाम कोण बघणार आहे?

लिहिलं बघ पुन्हा. असो.

तुझी ती चष्मेवाली मैत्रीण सायकल चालवते ना? तिला बरोबर घे. सगळा वेळ नको, शेवटचे सात-आठ किलोमीटर तरी. ती बोलत राहील, तू पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. वाक्य तुटायला लागलं की चालायचं. उत्तर असंबद्ध आलं, तुला थंडी वाजायला लागली, पाय रेषेत पडेनात, की संपलं. मग तू काहीही म्हणालीस तरी ऐकायचं नाही, असं तिला माझं नाव घेऊन सांग. उष्माघातात शरीराचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि माणूस बरळायला लागतो. आपण बरळतोय हे त्याला कळत नाही, म्हणून दुसरं माणूस लागतं. तसं झालंच तर आधी सावलीत घेऊन भरपूर गार पाणी ओतायचं, मदतीला फोन करायचा, आणि गाडी आली तरी थंड करणं चालू ठेवायचं. हे तिला वाचून दाखव. ती हसेल. हसू दे.

रस्ता असा घे की चार-पाच किलोमीटरचा फेरा घराजवळून पुन्हा पुन्हा जाईल. सरळ दहा किलोमीटर लांब गेलीस तर परत येणं भागच पडतं, थांबण्याची सोयच उरत नाही. फेऱ्याला कंटाळा येतो, कबूल. पण दर फेरीला दार समोर दिसतं, आणि पाण्याची बाटली फाटकापाशी ठेवता येते. पाणीसुद्धा तहान लागेल तेवढंच पी. भीतीपोटी ढसाढसा पिऊ नकोस. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावकांचं रक्त तपासलं होतं, तर त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, गरजेपेक्षा खाली गेलेलं होतं, आणि ते जास्त करून धावताना पाणी पिऊन वजन वाढलेल्यांचं. मी आधी "भरपूर पाणी पी" असंच सांगणार होतो. वाचलं म्हणून वाचलीस.

स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोरात धावलं तर दीड-दोन तास पुरते. तुला अडीच तास तरी लागतील, त्यातून झोप अपुरी. झोप नसली की तोच वेग जास्त जड वाटतो. म्हणून पहिल्या तासातच थोडं थोडं गोड खायला सुरुवात कर, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत थांबू नकोस. आणि चालण्याची लाज बाळगू नकोस. जेफ गॅलोवे नावाचा धावपटू 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावला होता. त्यानेच पुढे लोकांना शिकवलं की पहिल्या किलोमीटरपासूनच थोडं धावायचं, थोडं चालायचं. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमू नये म्हणून चालणं वेगळं. वेदनाशामक गोळी घेऊन निघू नकोस. ती गुडघ्याला गप्प करते आणि मूत्रपिंडावर भार टाकते. नवे बूट नकोत. संपल्यावर लगेच खाली बसू नकोस, दहा मिनिटं चालत राहा. एकदम थांबलं की रक्त पायांतच राहतं आणि माणूस कोसळतो.

आणि खोकला. फोनवर तू दोनदा तोंड बाजूला केलंस. छातीत अजून कफ असेल, किंवा शनिवारी अंगात जरा जरी कणकण असेल, तर मनू, नाही. विषाणूचा ताप कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो आणि तसल्या हृदयाला धावायला लावणं ही धाडसाची गोष्ट नव्हे. थर्मामीटर खरा लाव. या एका बाबतीत मी बाप म्हणून सांगतोय, सल्ला म्हणून नाही.

अण्णा आयुष्यात कधी "जरा बसतो" म्हणाले नाहीत. म्हणजे, एकदाच म्हणाले. तू तेव्हा दारात उभी होतीस.

ते लिहायचं नव्हतं. खोडत नाही.

फार शिकवणी झाली, माफ कर. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि तो सगळा वाचण्यात जातो. आई म्हणते, पोरीने कधी मागितला होता का सल्ला? बरोबर आहे तिचं. पण ती सकाळपासून तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघून "रविवारी किती वाजता निघणार म्हणाली?" विचारून गेली, तेव्हा तिचं फार मनावर घेऊ नकोस.

आणखी एक माणूस सापडला, तो तुझ्यासाठी राखून ठेवलाय. शिझो कानाकुरी, जपानचा. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला निघाला तो बोट आणि रेल्वे करत अठरा दिवसांनी पोचला, शिणलेला. शर्यतीच्या दिवशी कडक ऊन. जवळजवळ निम्मे धावक संपवू शकले नाहीत. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो त्या उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. कानाकुरीला रस्त्यात भोवळ आली, तो एका कुटुंबाच्या बागेत शिरला, त्यांनी त्याला सरबत दिलं, आणि हा कोणालाही न सांगता गुपचूप मायदेशी निघून गेला. लाज वाटली त्याला. स्वीडनमध्ये तो म्हणे बेपत्ता! पण पुढे त्याने काय केलं बघ. आणखी दोन ऑलिंपिकना गेला, आणि 1920 मध्ये हाकोनेची ती लांब पल्ल्याची रिले शर्यत सुरू करणाऱ्यांत तो होता. ती आजही जपानभर बघतात. मग 1967 मध्ये स्वीडनने त्याला बोलावलं आणि उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ नोंदवली गेली 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटं आणि 20.3 सेकंद. मधल्या काळात लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, हे त्याने हसत सांगितलं. नव्वदी ओलांडून गेला तो.

मला तो माणूस फार आवडला. लाझारोही शूरच होता, त्याच्याबद्दल वाईट बोलण्याची माझी लायकी नाही. पण त्याच्या घरी त्याची वाट बघणारं कोणीतरी असेल, एवढंच डोक्यात येत राहिलं.

तर माझी मागणी एवढीच. शनिवारी रात्री, डोकं ताळ्यावर असताना, एका चिठ्ठीवर लिही: अमुक झालं तर थांबेन. पाच ओळी पुरेत. एक प्रत त्या मैत्रिणीला दे आणि एक मला पाठव. तू ठिकाणा दाखवणारं ते काय चालू करतेस फोनमध्ये, तेही चालू कर. दादा मला बघायला शिकवणार आहे. मी फोन करणार नाही. ठिपका एका जागी फार वेळ थांबला तर करेन, आणि तेव्हा उचल. थांबलीस म्हणून मी विचारणार नाही, हे मात्र लिहून देतो. आठवर थांबलीस काय आणि अठरावर काय, उरलेलं पुढच्या महिन्यात धाव, पुढच्या वर्षी धाव.

तू लहानपणी माझ्याबरोबर चालताना हात सोडवून पुढे पळायचीस आणि कोपऱ्यावर उभी राहायचीस, मी येईपर्यंत. कोपरा ओलांडायचा नाही हे कोणी शिकवलं होतं आठवत नाही. मला वाटतं तुझं तूच ठरवलं होतंस. तेवढं अजून असेल तुझ्यात, असं धरून चालतो.

आई विचारतेय, संपल्यावर पायांना शेक घ्यायचा की गार पाणी. मी म्हटलं तिला, ते तिलाच विचार, मी आता काही सांगणार नाही. जिना उतरताना मांड्या दोन दिवस ओरडतील, ते मात्र ठरलेलंच. सोमवारी सुट्टी टाकली आहेस ना?

पुरं केलंस तर वेळ कळव, सेकंदांसकट. तुझ्या शाळेपासूनच्या सगळ्या वेळा निळ्या वहीत आहेत, 100 मीटरपासून. आईला त्यातलं काही कळत नाही. मला हवी आहे. अर्ध्यात थांबलीस तर जिथे थांबलीस ते अंतर कळव, मी तेही लिहीन. त्यासाठी समोरची ओळ रिकामी ठेवली आहे.

तुझा,
बाबा

ता. क. चिठ्ठी शनिवारी रात्री दहाच्या आत पाठव. त्यानंतर मी चष्मा काढतो.