व्हीलचेअर दारापर्यंतच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आजी-आजोबांना घेऊन संग्रहालयं पाहायला चला, असं सांगणारं रविवारच्या पुरवणीतलं पान वाचलं. छायाचित्रं देखणी आहेत, लेखिकेची हौसही दांडगी. पण खालच्या चौकटीत प्रत्येक ठिकाणापुढे ‘व्हीलचेअर : आहे’ असं जे ओळीनं छापलंय, त्यानं कालपासून डोकं तापलंय, म्हणून हे पत्र.

त्या चौकटीतल्या एका ठिकाणी मी आईला घेऊन गेले होते. संस्थानी वाडा, भोवती बाग, तळं, रथशाळा, असा तो सगळा पसारा. नाव लिहीत नाही. नाव छापून आलं की साहेबांचं काही बिघडणार नाही, तिकीट खिडकीवरच्या पोरांना मात्र बोलणी बसतील.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला पायऱ्या चढता येत नाहीत. उभी राहते, पण धरून. म्हणून आधी फोन केला होता. ‘व्हीलचेअर आहे का?’ ‘आहे ना मॅडम, दोन आहेत.’ खोटं नव्हतं, दोन होत्या. एकीला पाय ठेवायची पट्टी नव्हती, म्हणून दुसरी घेतली.

फाटकापासून वाड्यापर्यंतचा रस्ता बारीक खडीचा. दिसायला छानच. पण पुढची चाकं त्यात अशी रुततात की खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यावी लागते. माझा भाचा ओढत होता आणि आई मागं जाणारं फाटक बघत होती. तेवढ्यात बॅटरीची गाडी आली. गाडीवाला भला माणूस. म्हणाला, ‘आजींना बसवा, खुर्ची राहू दे इथंच. गाडीत ती चढत नाही.’ मग वाड्यापाशी उतरल्यावर काय? ‘तिथं खुर्ची नाही. खुर्च्या फाटकावरच असतात.’ आता खुर्ची घेतली तर गाडी नाही आणि गाडी घेतली तर खुर्ची नाही, हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

शेवटी आई गाडीतून गेली आणि भाचा रिकामी खुर्ची ओढत मागून आला. वाड्याचं जोतं अडीच फूट तरी असेल. एका बाजूला लाकडी फळ्यांचा उतार ठोकला होता, आणि त्यावर व्हीलचेअरचं निळं चित्रही रंगवलेलं. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, म्हणजे इथं तीस फूट लागले असते. हा सात-आठ फुटांत संपत होता. त्यावरून खुर्ची चढवायला तालीमबाज लागतील, उतरवायला देव. आणि चढवली तरी पुढे वाड्याचा उंबरठा आहेच, चांगला वीतभर.

पहारेकरी धावत आले. ‘काळजी करू नका, चौघं मिळून खुर्चीसकट उचलतो.’ त्यांचा भाव चांगला होता. पण आई म्हणाली, ‘उचलून न्यायला मी काय गणपती आहे? आणि नेलंच तर आणतानाही वाजतगाजत आणाल का?’ सगळे हसले, मीही हसले. पण ती आत गेली नाही. देवडीतल्या बाकावर बसून राहिली. तिला आतले पितळी दिवे पाहायचे होते, लामणदिवे, समया. तिच्या माहेरी तसे होते, ते पुढे मोडीत गेले. मी म्हटलं, निदान मोबाइलवर फोटो काढून दाखवते. तर आत फोटोला बंदी!

प्रसाधनगृहाचं सांगू का? दिव्यांगांसाठी वेगळं होतं. कुलूप होतं, चावी साहेबांकडे होती आणि साहेब रजेवर. खिडकीतून डोकावले तर आत झाडू, रंगाचे डबे आणि गेल्या कुठल्या तरी कार्यक्रमाची कमान.

उपाहारगृहाला आणि सेल्फी पॉइंटला मात्र झकास, रुंद, कठड्यासकट उतार. म्हणजे गवंडी मिळत नाही असं नाही.

वारसा वास्तू आहे, हात लावता येत नाही, हे उत्तर मला तिथं मिळालंच. अथेन्सच्या ॲक्रॉपोलिसवर कड्याला धरून तिरकी लिफ्ट २०२० साली बसवली, ती टेकडी आपल्या वाड्यापेक्षा थोडी जुनी असावी. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. नियम २०१७ साली आले. असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सुनावलं की तुमचे नियम नुसत्या शिफारशी आहेत, ते सक्तीचे करा, आणि त्यासाठी तीन महिने दिले. हे सगळं आपल्याच वृत्तपत्रात वाचलेलं आहे. मग पुरवणीवाले स्वतःचा अंक वाचत नाहीत काय?

माझी तक्रार वाड्याइतकीच आपल्या चौकटीबद्दलही आहे. फोन करून ‘आहे का?’ विचारलं की ‘आहे’च म्हणतात, मलाही म्हणाले होते. आपला वार्ताहर एकदा स्वतः खुर्चीत बसून फाटकापासून शेवटच्या दालनापर्यंत जाऊ द्या. मग छापा : पायऱ्या किती, दरवाजा किती रुंद, गाडी लावायची जागा दारापासून किती लांब, संडासाची चावी कुणाकडे. दृष्टिहीनांसाठी तर आपल्या चौकटीत रकानाच नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ दालनात शिल्पांच्या प्रतिकृती हातानं चाचपून पाहता येतात. असं आपल्या यादीत कुठं आहे का, एवढं विचारायलाही फोन पुरला असता.

आणि पत्र लिहितेच आहे तर : शब्दकोड्याचा टाइप आपण गेल्या महिन्यापासून बारीक केलाय. आईला भिंग घेऊनही चौकोनातले आकडे दिसत नाहीत. जागा कमी पडत असेल तर शेजारची सोन्याच्या दुकानाची जाहिरात दोन बोटं आवरा. घरातून बाहेर नेता येत नाही, निदान घरात बसून कोडं तरी सोडवू द्या तिला.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा