लकव्यानं गेलेल्या वाचेवर जिल्हा रुग्णालयात उपचार द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम जय गुरुदेव.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या मोठेबाबांना लकवा मारला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. तहान लागली तर "ते... ते..." करत माठाकडे बोट दाखवतात. पण संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरी वाजली, की राष्ट्रसंतांचं भजन शेवटच्या कडव्यापर्यंत एक शब्द न चुकता म्हणतात! घरातच कुणीतरी म्हणालं, "बुढा सोंग करते." त्यांना सगळं समजतं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

हे सोंग नाही, साहेब. हा वाचाघात आहे, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं जातं. बहुतेकांची बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात. गाण्यात उजवा भागही मोठा वाटा उचलतो. हेच धरून १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी सुरांवर बोलणं शिकवायची पद्धत मांडली. तज्ज्ञ समोर बसतो, रुग्णाच्या डाव्या हातानं अक्षरागणिक ठोका देववतो आणि "मले पाणी दे" एवढंच उंच-खाली अशा दोन सुरांत म्हणवून घेतो. आधी सोबतीनं, मग एकट्यानं; पुढे सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्यावर आणतो. समजतं पण बोलता येत नाही, अशांसाठी ही पद्धत आहे. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि नुसती भजनं म्हणून भागत नाही. शिकलेला माणूस लागतो, रोजचा सराव लागतो.

तो माणूस आम्ही आणावा कुठून? जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाचा उपचार तज्ज्ञाचं पद आहे, पण ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हाताऱ्याला एसटीत चढवून नागपूर गाठायचं, तर सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी निघूच शकत नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातानं आलेलं कायमचं अपंगत्व नावानिशी लिहिलेलं आहे.

म्हणून मागणी अशी, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोठ्यांसाठी वाचा उपचार तज्ज्ञ नेमा. तोवर आहे त्या तज्ज्ञाचा आठवड्यातला एक दिवस लकव्याच्या रुग्णांना द्या. आशाताईंना वाचाघात ओळखायला शिकवा. सरावाची वाक्यं वऱ्हाडीत करा, मेळघाटात कोरकूत. रोज हात धरून बसायला घरचे आणि भजन मंडळातली पोरं तयार आहेत. त्यांना एकदा शिकवणारं कुणीतरी पाठवा.

आपली,
एका रुग्णाची पुतणी