बाबांच्या युआन श्वांगला भेटून आले

शांघाय, ७ एप्रिल

प्रिय आई-बाबा आणि आजी,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलणं झालंच नाही, स्टेशनवर इतका गोंगाट होता की आईचं अर्धं ऐकूच आलं नाही, म्हणून म्हटलं आता बसून सगळं लिहूनच काढते. बाबांना तसंही फोनपेक्षा लिहिलेलं आवडतं, परत परत वाचता येतं म्हणतात ना. आजीला आईने वाचून दाखवायचं, आणि सावकाश वाचायचं.

तर इकडे एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग म्हणून सण असतो, तीन दिवस सुट्टी मिळाली. पितरांचा सण आहे हा. लोक गावी जातात, आपल्या माणसांच्या कबरी झाडून घेतात, वाढलेलं गवत काढतात, फळं-फुलं, गेलेल्या माणसाला आवडायचं ते खायला ठेवतात, कागदाच्या नोटा जाळतात. आजी सर्वपित्रीला आजोबांच्या पानावर आठवणीने आळूवडी वाढते, अगदी तसंच वाटलं मला. माझ्या ऑफिसातली मैत्रीण शिआनजवळची, ती त्यासाठी घरी चालली होती, म्हणाली चल माझ्याबरोबर, तू शहर बघ, घरचं आटपलं की मी येऊन भेटते. इकडे रेल्वेचं बुकिंग १५ दिवस आधी उघडतं आणि सणाची तिकिटं बघता बघता संपतात, तिनेच दोन्ही काढून ठेवली म्हणून जमलं.

शांघाय ते शिआन साधारण १५०० किलोमीटर, आणि गाडीने साडेसहा तासात नेऊन सोडलं. गाडी ३०० च्या वर पळते पण कपातला चहा हलत नाही. प्रत्येक डब्याला गरम पाण्याचा नळ असतो त्यामुळे आई, पाणी गरमच प्यायले, काळजी नको. तू पाठवलेला चिवडा आम्ही दोघींनी मिळून संपवला, तिला त्यातले डाळे फार आवडले. लुओयांग मागे पडलं की जमीनच बदलते, सगळीकडे पिवळी भुसभुशीत माती, कडे उभे कापल्यासारखे आणि मधून मधून गव्हाची हिरवीगार शेतं. आपल्या काळ्या मातीची सवय असलेल्या डोळ्यांना ते वेगळंच दिसतं, मी खिडकीवरून हललेच नाही.

पहिल्या दिवशी मी एकटीच होते, सामान टाकलं आणि सरळ तटबंदीवर गेले. बाबा, या शहराची तटबंदी अजून अख्खी उभी आहे. चारी बाजूंनी मिळून जवळजवळ १४ किलोमीटर, १२ मीटर उंच, आणि वरून दोन ट्रक शेजारी शेजारी जातील इतकी रुंद. मिंग राजांनी १३७० च्या दशकात बांधली, म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य होतं तेव्हा. वर भाड्याने सायकल मिळते, मी घेतली आणि पूर्ण चक्कर मारली, मध्ये थांबत थांबत दोन तास लागले. एका बाजूला आत जुनी कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला बाहेर तीस-तीस मजल्यांच्या बिल्डिंगा, आणि मधे आपण सायकलवर. जवळजवळ १ कोटी ३० लाखांचं शहर आहे पण वर एकदम शांत वाटतं. मला सारखं संभाजीनगर आठवत होतं, आपल्याकडे भडकल गेट उभं आहे, मकाई गेट उभं आहे, पण त्यांना जोडणारी भिंत बहुतेक गेलीच, दरवाजे रस्त्यात एकेकटे राहिलेत. फार वाईट वाटलं, खरंच.

दुसऱ्या दिवशी मातीची फौज, टेराकोटा आर्मी. शहरापासून ३५-४० किलोमीटरवर आहे. १९७४ साली दुष्काळात तिथले शेतकरी विहीर खणत होते, पाण्याच्या जागी मातीची डोकी आणि हात निघायला लागले, आणि खाली अख्खं सैन्य. चीन पहिल्यांदा एका छत्राखाली आणणारा राजा छिन शिहुआंग, ख्रिस्तपूर्व २१० मध्ये वारला, त्याच्या राखणीला हे उभे केलेले. पहिल्या खड्ड्यावर विमानाच्या हँगरसारखं छप्पर आहे, २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद, त्यात रांगाच्या रांगा. सगळे खड्डे मिळून ८००० च्या आसपास असावेत म्हणतात, बरेच अजून मातीखालीच आहेत, आणि राजाची खरी कबर तर उघडलेलीच नाही. आधी ते सगळे रंगवलेले होते, पण बाहेर काढलं की हवा लागून काही मिनिटांत रंग सुकून गळायला लागतो, म्हणून घाई करत नाहीत. मला हे फार पटलं. गर्दी मात्र इतकी की पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिल्यासारखं पुढे सरकायचं. बाहेर एका बाईला गाइड म्हणून पैसे दिले तर तिने पाऊण तास एका मूर्तींच्या दुकानातच बसवलं, तुम्ही याल तेव्हा गाइड आत गेल्यावरच घ्यायचा हे लक्षात ठेवलंय.

पण आजी, तुला एक गोष्ट सांगायचीच आहे. तिथे काचेच्या पेटीत एक धनुर्धारी ठेवलाय, एक गुडघा टेकून बसलेला. मागच्या बाजूने गेलं की त्याच्या चपलेचा तळवा दिसतो, आणि त्या तळव्यावर टाके आहेत. मातीतच टोचून काढलेले बारीक बारीक टाके, पुढे चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ, म्हणजे जिथे झिजतं तिथे जास्त शिवण. तू गोधडीच्या कडेला दाट टाके घालतेस आणि विचारलं की म्हणतेस कडच आधी फाटते गं, तस्सं. बावीसशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या कारागिराने, कुणाला दिसणारही नाही अशा जागी, इतकं मन लावून केलंय. मी त्या पेटीमागे किती वेळ उभी होते मला कळलंच नाही.

संध्याकाळी मैत्रीण आली आणि तिने मुस्लिम मोहल्ल्यात जेवायला नेलं. हुई मुसलमानांची शेकडो वर्षांची वस्ती आहे ती. तिथे यांगरौ पाओमो म्हणून प्रकार मिळतो. आधी एक रिकामं मोठं वाडगं आणि दोन कडक, जाड पोळ्या समोर ठेवतात. त्या पोळ्या आपण स्वतः चुरायच्या, शेंगदाण्याएवढे तुकडे करायचे, मग ते वाडगं आत घेऊन जातात आणि मटणाच्या रश्शात शिजवून आणतात. मी भराभर मोठे तुकडे केले तर मैत्रीण म्हणाली असं नाही चालत, आचारी तुकडे बघून ओळखतो खाणारा कसा आहे ते, मग परत बसून बारीक केले. अर्धा तास नुसतं चुरणं आणि गप्पा. आई, रविवारी बाबा मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करतात आणि तू म्हणतेस आधी ताट तरी पुढे येऊ द्या, तेच सगळं डोळ्यासमोर आलं. बरोबर गोडसर मुरवलेला लसूण देतात, तो तर मी तीनदा मागितला. जवळच नूडल्सची टपरी होती, पट्ट्यासारख्या रुंद नूडल्स, वर तिखट घालून त्यावर कडकडीत तेल ओततात, चर्र आवाज आणि तो वास, मान आपोआप वळते.

आता बाबा, खरं पत्र इथून पुढे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या हंस पॅगोड्याला गेले. समोरच्या चौकात युआन श्वांगचा, त्या चिनी बौद्ध भिक्षूचा, उंच पुतळा आहे, हातात काठी घेतलेला. सातवीच्या पुस्तकात दोन ओळी होत्या त्याच्यावर, आणि तुम्ही त्या दोन ओळींवर तास घ्यायचात. परवानगी नव्हती, सरहद्द बंद होती, तरी हा माणूस इ.स. ६२९ मध्ये गुपचूप निघाला, वाळवंट तुडवून भारतात आला आणि ६४५ मध्ये परत याच शहरात पोचला, बरोबर ६५७ ग्रंथ. ते सगळं मी त्या चौकात उभं राहून तुमच्या आवाजात ऐकलं. तेव्हा या शहराचं नाव छांगआन होतं. आणलेल्या पोथ्या आगीपासून सांभाळायला त्यानेच राजाकडे पॅगोडा मागितला, ६५२ ला बांधायला घेतला, आणि पन्नाशीचा तो माणूस स्वतः विटा वाहायचा असं त्याच्या शिष्याने लिहून ठेवलंय. आता सात मजले आहेत, ६४ मीटर उंच, आणि पश्चिमेकडे किंचित कललेला. ज्या मंदिराच्या आवारात तो आहे ते तर एका युवराजाने आपल्या गेलेल्या आईच्या आठवणीसाठी ६४८ मध्ये बांधलं. मैत्रीण आदल्याच दिवशी तिच्या आजीच्या कबरीवरून आलेली, तिला हे माहीत होतं, ती उदबत्ती लावून बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

आणि बाबा तुम्हाला हे माहीत आहे का, इकडे सगळे मला विचारतात "यिनदू रन?" म्हणजे इंडियाची का, तर हा यिनदू शब्द युआन श्वांगनेच ठरवून दिलेला. आधी चिनी लोक आपल्या देशाला थिएनचू वगैरे वेगवेगळं म्हणायचे, याने लिहिलं की खरा उच्चार यिनदू असा आहे आणि त्याचा अर्थ चंद्र. आपला इंदू! दोन वर्षं रोज हा शब्द ऐकतेय, भाजीवालीपासून लिफ्टमनपर्यंत, आता ऐकताना वेगळंच वाटतं.

वर चढून गेलं की प्रत्येक मजल्यावर चारी दिशांना खिडक्या आहेत. मी पश्चिमेच्या खिडकीत उभी राहिले आणि मैत्रिणीला म्हटलं, हा माणूस माझ्या गावाकडे आला होता. तिला तो माहीत होता, पण इकडच्या प्रसिद्ध माकडाच्या गोष्टीतला साधू म्हणून, लहानपणी टीव्हीवर पाहिलेला. मग मी तिला सगळं सांगितलं. इ.स. ६४१ च्या आसपास तो महाराष्ट्रात आला, पुलकेशी राजा होता, उत्तरेच्या हर्षालाही जो हरला नाही. आणि आपल्या लोकांबद्दल त्याने काय लिहिलं, साधे आहेत, सरळ आहेत, पण मानी. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा असेल तर आधी कळवतात, आणि शरण आलेल्याला मारत नाहीत. हे तुम्ही वर्गात फळ्यावर लिहायचात, शब्द न शब्द आठवला मला. मैत्रीण म्हणाली, हे तर तूच आहेस. मला भरून आलं बाबा.

मग तिला अजिंठ्याचं सांगितलं. युआन श्वांगने लिहिलंय की महाराष्ट्राच्या पूर्वेच्या सरहद्दीवर दरीत कोरलेला मोठा विहार आहे, उंच दालनं, भिंतींवर बुद्धाच्या जीवनातले प्रसंग, आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. अभ्यासक ते अजिंठ्याचंच वर्णन मानतात. आणि ते हत्ती, १६ नंबरच्या लेणीच्या पायऱ्यांपाशी आहेत तेच की! मी चौथीत असताना सिल्लोडहून फर्दापूरच्या एसटीने आपण सगळे गेलो होतो, आईने दशम्या आणि ठेचा बांधून घेतला होता, दादा वाघोरा नदीत पाय घालायचा म्हणून रडत होता, आणि बाबांनी मला त्या हत्तीजवळ उभं करून सांगितलं होतं की एका चिनी पाहुण्याने याच्याबद्दल लिहिलंय, नीट बघून घे. तेव्हा मला नुसती तहान लागली होती. आता त्या पाहुण्याच्या घरी उभं राहून कळलं, तुम्ही काय दाखवत होतात ते.

परतीची गाडी दुपारची होती त्यामुळे घंटाघर आणि नगारखाना बाहेरूनच बघितले, ते पुढच्या वेळी. मैत्रिणीच्या आईने डब्यात सुकवलेली पर्सिमनची फळं दिलीयत, खजुरासारखी गोड लागतात, आजीसाठी वेगळी बांधून ठेवलीयत. दिवाळीला येताना घेऊन येईन.

बाबा, एक काम करा. कपाटात वरच्या खणात हिरवा अल्बम आहे, त्यात माझा त्या हत्तीजवळचा फोटो आहे, पिवळा फ्रॉक घातलेला. तो मोबाईलवर नीट उजेडात काढून आजच पाठवा. मैत्रीण रोज विचारतेय, आणि तिला तिच्या आईलाही दाखवायचाय.

तुमची लेक