हेल्मेटमध्ये ठेवलेलं पत्र

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र कसलं, असं म्हणशील. पण समोर बसून बोलायला गेलो की तू "हो बाबा" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे हेल्मेटमध्ये ठेवतोय. पुणेकराच्या हाताला ते कधी लागेल, हा प्रश्न आहेच.

परवा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर तू गॅलरीत. स्क्रीन बंद करायचास, मिनिटाभराने परत चालू. वाचलं मी काहीच नाही. पण ते बघणं माझ्या ओळखीचं आहे.

१९९३ मध्ये मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. साताऱ्याहून एका मुलीची निळी आंतरदेशीय पत्रं यायची. कधी आठवड्यात दोन, कधी महिनाभर एकही नाही. पोस्टमन साडेअकराच्या सुमारास यायचा, तोवर जीव टांगणीला. मात्र तो एकदा पुढे गेला की उद्यापर्यंत सुटका. मेसमध्ये जेवायचो, चार पानं वाचायचो. तुझा पोस्टमन चोवीस तास खिशातच बसलाय. (ती मुलगी म्हणजे तुझी आई नव्हे. आईला सगळं माहीत आहे, तू खोदू नकोस.)

स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळायची सवय असलेलं कबुतर, दाणे थांबले की लवकर नाद सोडतं. ज्याला कधी मिळायचा, कधी नाही, ते मात्र कितीतरी वेळ टोचत राहतं. जिच्या मेसेजची तू वाट बघतोस ती मुलगी तीन दिवस गप्प राहून अचानक "जेवलास का?" विचारते, तेव्हा तुझा चेहरा कसा उजळतो ते मी पाहिलंय. रोज विचारत असती तर इतका उजळला असता का? मला एवढा त्रास होतोय, म्हणजे हे प्रेम खरंच असणार, असं मी साताऱ्याच्या पत्रांबद्दल दोन वर्षं समजत होतो. त्यातला बराचसा त्रास टपालाच्या लहरीपणाचा होता, हे फार उशिरा कळलं.

ती मुद्दाम खेळवतेय असं माझं म्हणणं नाही. तिचंच ठरत नसेल. तोंडावर "नको" म्हणणं विशीत फार जड जातं. म्हणून तूच स्पष्ट विचार, पण एकदाच. उत्तर "नाही" आलं तर कॉलेजच्या फाटकाशी थांबणं, मैत्रिणींकडून निरोप, झेड ब्रिजवर तिची वाट अडवणं, यातलं काहीही करायचं नाही. या बाबतीत मी तुझ्या बाजूने उभा राहणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

आणि दुखेल, हे खरं. "विसरून जा" म्हणणाऱ्या मित्रांचा राग येईल. २०१० मध्ये संशोधक हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात नुकताच नकार मिळालेल्या १५ तरुण-तरुणींना नकार देणाऱ्या व्यक्तीचा फोटो दाखवत त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. कोकेनच्या तलफेशी जोडलेले भाग त्यांच्यात जागे दिसले. म्हणजे तू गॅलरीत करतोस तो नुसता हट्ट नाही, तलफ आहे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: नकाराला जितके जास्त दिवस झालेले, तितकी ओढीशी संबंधित एका भागातली हालचाल कमी. माणसं पंधराच होती, फार ताणू नये. पण माझा अनुभवही तोच. फक्त मधेमधे जुनी पत्रं काढून वाचली की मी परत पहिल्या दिवसावर यायचो. तुझ्याकडे त्याला लास्ट सीन म्हणतात.

रविवारी सहाला वेताळ टेकडीवर येतोस का? बोलायची सक्ती नाही. फोन घरी ठेव असंही म्हणणार नाही. हल्ली मला वर धाप लागते, वेळेला कुणाला तरी फोन करावा लागेल.

तुझा,
बाबा