छकुलीची फडकी आणि चिपळूणचा पाऊस

केळशी

चि. बाबू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर सूनबाईने विचारलं, की छकुलीसाठी बाजारचे ओले वाइप्स बंद करून धुऊन परत वापरायचे कापडी वाइप्स घेतले तर चालतील का, त्यात जंतू राहत नाहीत ना. मध्येच रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कापड खुशाल वापरा. मला काळजी आहे ती फक्त ओलाव्याची. तुम्ही राहता चिपळूणला, आणि आता आषाढ तोंडावर आलाय.

उपकेंद्रात नर्स होते तेव्हा पावसाळ्यात बाळंतिणीच्या घरी गेले की आधी पडवीतली दोरी बघायचे. लंगोट एकावर एक टाकलेले, कुबट वास येणारे, शिवणीपाशी बारीक काळे ठिपके पडलेले दिसले, की बाळाच्या जांघांत काय असणार याचा अंदाज यायचा. ते ठिपके म्हणजे बुरशी. एकदा धाग्यात शिरली की साबणाने नीट निघत नाही. असं फडकं लादी पुसायला घ्यायचं, बाळाच्या अंगाला लावायचं नाही. आणि छकुलीच्या जांघेच्या वळ्यांत लालभडक चट्टा उठला, त्याच्या कडेने सुटे सुटे लाल पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसले, तर ते बहुधा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचं असतं. तेव्हा घरचं तेल नि पावडर लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा आणि सगळी फडकी उकळून काढा.

धुण्याचं सांगते. शी पुसलेलं फडकं आधी संडासात झटकायचं, गार पाण्यात खळबळून काढायचं आणि झाकणाच्या कोरड्या बादलीत टाकायचं. पाण्यात भिजत ठेवू नका. त्या पाण्यात जंतू वाढतात, आणि लहान मूल असलेल्या घरात भरलेली बादली नकोच. आता छकुली उपडी वळतेय, उद्या रांगेल. बादली रोज रिकामी झाली पाहिजे, फार तर एक दिवसाआड. तुमच्या मशीनला गरम पाण्याची सोय आहे, ती साठ अंशांवर लावा. लाइट नसेल तर पातेल्यात दहा मिनिटं उकळा, पण ते पातेलं फक्त त्याच कामाला ठेवा. साबण बेताचा, खळबळणं दोनदा. कपडे मऊ करणारं वासाचं द्रव अजिबात घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो, कापड पाणी शोषेनासं होतं, आणि तो वास बाळाच्या कातडीला सोसेलच असं नाही. जंतुनाशकही नको. गरम पाणी, साबण आणि पूर्ण वाळणं यांनी काम होतं.

वाळवणं हेच खरं जिकिरीचं. ऊन असेल तर प्रश्नच नाही, दुपारच्या उन्हात तासाभरात होतं. पावसाच्या झडीत मात्र गॅलरीतल्या दोरीच्या भरवशावर राहू नका. खोलीत पंख्याखाली, दोन फडक्यांत बोटभर अंतर ठेवून पसरा, आणि शेवटी इस्त्री फिरवा. वाळलं की नाही ते हाताला कळत नाही. फडकं चौघडी करून वरच्या ओठाला लावून बघ. जरा जरी गार लागलं तर आत ओल आहे, परत टाक. शिवणीवर खास लक्ष ठेव, दुमडलेली जाड कड सगळ्यात शेवटी वाळते.

म्हणूनच बाजारातले टॉवेलसारखे जाड वाइप्स घेऊ नका असं मी म्हणेन. शी चांगली निघते त्यांनी, पण आपल्या हवेत दोन दोन दिवस वाळत नाहीत. एकपदरी मलमल घ्या, वीतभर चौरस. पंचवीस-तीस तुकडे असले की धुणं एक दिवस चुकलं तरी अडत नाही.

फडकी कोरडीच ठेवायची आणि वापरताना भिजवायची. साधं कोमट पाणी पुरे, थर्मासमध्ये भरून जवळ ठेव. डब्यात आधीच भिजवून, वर सुगंधी तेलाचे थेंब टाकून ठेवायची पद्धत हल्ली सांगतात, ती नको. त्या पाण्यात ते टिकवणारं काही घातलेलं नसतं, ते दिवसभरात खराब होतं. मुलगी आहे, तेव्हा पुसताना नेहमी पुढून मागे. तोंडाची फडकी वेगळ्या रंगाची ठेव. डोळ्याला आतल्या कोपऱ्यातून बाहेर, आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरं फडकं.

बाजारचे वाइप्स म्हणजे विष, असंही कुणी सांगेल. ते खरं नाही. चांगले बिनवासाचे वाइप्स आणि कापूस-पाणी यांत बाळाच्या कातडीला फरक पडत नाही, असं २०१२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांना आढळलं होतं. मात्र पाकिटावरचं वाचून घ्या. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन, असतं, त्याची अ‍ॅलर्जी अनेकांना झाली, म्हणून युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. ते नाव असेल तर पाकीट परत ठेवायचं. शिवाय पुष्कळ वाइप्समध्ये पॉलिस्टर असतं. संडासात टाकले तर टाकी तुंबते, आणि इथे आपल्या किनाऱ्यावर भरतीबरोबर काय काय येतं ते मी रोज बघते.

तरी एक पाकीट घरात असू दे. एसटीचा लांबचा प्रवास असेल, छकुलीला जुलाब होत असतील, किंवा २०२१ च्या जुलैसारखा पूर येऊन नळाचं पाणी बंद पडलं, तर बिनदिक्कत ते वापरा. अशा वेळी कापडाचा हट्ट धरायचा नाही.

आणि बाबू, हे धुणं तू करायचंस. सूनबाई सकाळी साडेआठला बँकेत जाते, रात्री दूध पाजायला उठते. तिच्या माथी आणखी एक बादली मारायची असेल तर बाजारचेच वाइप्स चालू ठेवा, माझं काही म्हणणं नाही. रात्री मशीन लावणं, पसरणं, सकाळी ओठाला लावून बघणं, हे तुझ्याकडे.

माझ्या दोन जुन्या सुती साड्या आणि थोडी नवी मलमल शनिवारी दापोलीहून येणाऱ्या काकांबरोबर पाठवते. साड्यांचे तुकडे धुऊन वाळवले की लगेच वापरता येतील. नव्या कापडाला खळ असते, ते आधी दोन-तीनदा गरम पाण्यातून काढ, नाहीतर पाणी नुसतं वरून ओघळेल. कडा दुमडून शिवू नकोस. दातेरी कात्रीने कापल्यात, लवकर सुटायच्या नाहीत.

छकुलीला गोड पापा, सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई