लिस्बनच्या मावशी, तुमच्यामुळे आईचे गुडघे टिकले

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे गो बाय" म्हणून विषय हवामानावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय युरोपात राहणारे आपले बरेच जण आईवडिलांना चार दिवस बोलावून घेतात आणि त्यांना घेऊन गावोगाव पळतात. त्यांच्या हाती तुमची ही आखणी पडावी, असंही मनात आहे.

ओळख तशी लांबची. आईच्या बँकेतल्या मैत्रिणीची तुम्ही चुलत बहीण. माहेर फोंड्याचं, संसार लिस्बनमध्ये. मी म्युनिकहून तुम्हाला एवढंच विचारलं होतं, की शुक्रवारी रात्री पोचून रविवारी रात्री परतायचं आहे, तर हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? त्यावर तुमचा उलट प्रश्न आला: "आई एका दमात किती पायऱ्या चढते?" बाकी सगळे मला कुठे काय खायचं आणि फोटो कुठून चांगला येतो ते सांगत होते. गुडघ्यांची चौकशी फक्त तुम्ही केलीत.

मग तुमचे ते व्हॉइस मेसेज. निम्मं मराठी, निम्मं कोंकणी, पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या. त्यातला तुमचा नियम आम्ही दोन्ही दिवस पाळला: नकाशात रस्ते सरळ दिसले तर बिनधास्त चाला, वाकडे दिसू लागले की आधी लिफ्ट शोधा. कारणही तुम्हीच सांगितलंत. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात, मागोमाग आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत मधलं सखल शहर बेचिराख झालं. राजाचा मंत्री पोंबाल याने ते नव्याने बांधून घेतलं तेव्हा रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ झाले. तो बायशा भाग, म्हणून हॉटेल तिथेच. शेजारच्या टेकडीवरचं आल्फामा भूकंपातून बरंचसं वाचलं, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच, वाकड्यातिकड्या आणि चढाच्या.

माझ्या यादीत लिस्बनजवळचं महालांचं गाव सिंत्राही होतं. तुम्ही ते खोडलंत. "महाल बघायला रांगेत उभी करणार आईला? त्यापेक्षा नदीवर बसव." विषय संपला. रात्रीच्या फादोच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्यांच्या, कार्यक्रमाचंही तेच झालं. दिवसभर हिंडलेली आई गाणं ऐकता ऐकता झोपणार, हे तुम्ही न बघताच ओळखलंत.

पोचण्याचा भाग सुरळीत झाला. विमानतळावरून लाल मेट्रो, अलामेदाला हिरवी. कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं आणि त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, बस, ट्राम, फेरी सगळीकडे तेच चालतं, ट्राममध्ये रोख देण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, हे आधी कळलं म्हणून बरं. आमच्यासमोर एक कुटुंब एकाच कार्डावर चौघांना आत घ्यायच्या खटपटीत होतं.

शनिवारची सकाळ मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. टेकडीवरच्या साओ जॉर्ज किल्ल्यावर जायचं तर सगळे चढ चढतात किंवा टुकटुकवाल्याला पैसे मोजतात. तुम्ही आम्हाला बायशातल्या रुआ दोस फांकेइरोस या रस्त्यावरच्या एका साध्या दिसणाऱ्या इमारतीत घुसवलंत. आत लिफ्ट. वर जाऊन मागच्या दाराने बाहेर पडलो तर भलत्याच, वरच्या रस्त्यावर! तिथून थोडं चाललं की एक सुपरमार्केट, त्याच इमारतीत दुसरी लिफ्ट, ती थेट किल्ल्याच्या खालच्या रस्त्याला लागते. दोन्ही फुकट. तरुणपणी अजिंक्यतारा धावत चढणारी माझी आई हातात दह्याची पिशवी असलेल्या दोन आजीबाईंबरोबर उभ्याउभ्या गड चढली. त्या पोर्तुगीजमध्ये बोलत होत्या, ही मराठीत, आणि वर पोचेपर्यंत तिघींचं गुडघ्यांवर एकमत झालेलं होतं.

किल्ल्यावर मोर मोकळे फिरतात, हे तुम्ही मुद्दाम लपवून ठेवलंत ना? 1147 मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेश याने हा किल्ला मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून घेतला वगैरे मी वाचून दाखवत होते. आईचं लक्ष तटावर बसलेल्या मोराकडे.

उतार मात्र पायांनीच, हाही तुमचाच आग्रह. सांता लुझियाच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक दिसतो. ते बघून मग खाली त्याच चौकात जायचं, म्हणजे काय गेलं ते कळतं. तुमचा हा क्रम कुठल्या गाइडनेही लावला नसता. आणि रबरी तळव्याच्या बुटांबद्दल वेगळे आभार. चुनखडीच्या त्या छोट्या चौकोनी दगडांची फरसबंदी दिसायला देखणी, पण सरीनंतर शेवाळलेल्या विहिरीच्या काठासारखी निसरडी.

वरच्या चियादो भागात जायला सांता जुस्ता या जुन्या लिफ्टच्या रांगेत उभ्या राहिलो नाही. ते 1902 चं लोखंडी काम खालून बघितलं, मान दुखेपर्यंत, आणि बायशा-चियादो स्टेशनातल्या सरकत्या जिन्यांनी वर गेलो. अठ्ठावीस नंबरची ट्राम मार्तिम मोनिझला न पकडता कांपो द ओरिकच्या टोकाला पकडली, तर खिडकीची जागा मिळाली. चालक पितळी दांडा फिरवतो तसतसा तो लाकडी डबा कुरकुरत वळतो. एका वळणावर भिंत इतकी जवळ आली की आईने कोपर आत घेतलं.

खाण्याचं म्हणाल तर "न मागता टेबलावर आलेल्या पाव-ऑलिव्हला हात लावशील तर बिलात लागेल" हे वाक्य आईने पाठच करून टाकलं होतं. पहिल्याच हॉटेलात वेटरने बशी ठेवली आणि हिने ती दोन बोटांनी परत सरकवली. त्याने हसून उचलली. काल्दो व्हेर्द या हिरव्या पालेभाजीच्या सूपमधली सॉसेजची चकती आधीच नको म्हणून सांगायची, तेही सांगितलं. लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरातलं शाकाहारी जेवण तर आईला फारच आवडलं. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी वसवलेलं हे ठिकाण, आणि रस्त्याचं नाव महात्मा गांधींचं! वरण-भात समोर आल्यावर तिचा चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात.

रविवारी नदीकाठचा बेलेंग भाग. पंधरा नंबरची लांब ट्राम, बसायला जागा. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरल्याशिरल्याच वास्को द गामाची समाधी. हा माणूस 1524 मध्ये आपल्याकडे, कोचीला वारला, आणि पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिलेला हा मठ बघताना आई म्हणाली, "म्हणजे आपल्याच मिऱ्यांचं हे." पुढे बागेत उंच खांबावर आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा. 1510 मध्ये गोवा घेणारा. तुम्ही त्याच्याबद्दल एवढंच म्हणाला होतात, "बस त्याच्याच समोरून जाते. मी मोबाइल बघते." मी त्यावर काही विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही.

नदीकाठी जमिनीवर संगमरवरात जगाचा मोठा नकाशा आहे. आईने चप्पल काढून अरबी समुद्रात पाय ठेवले आणि कोकणाकडे तोंड करून उभी राहिली. शेजारच्या शाळकरी मुलांनाही तेच करायचं होतं. मग 1837 पासून चालत आलेल्या त्या दुकानातले पाश्तेइश, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या वाट्या, वर दालचिनी भुरभुरून, गरम. अंडं चालतं म्हणून बरं.

संध्याकाळी काइश दो सोद्रेहून कासिल्यासची फेरी. दहा मिनिटांचा प्रवास, नोकरदारांची बोट, तिकीट त्याच कार्डावर. पलीकडून अख्खं शहर चढांसकट दिसलं आणि आई म्हणाली, "हे सगळं मी फिरले?" तेव्हा मी तुमचं नाव घेतलं.

डिसेंबरात तुम्ही फोंड्याला येणार आहात, असं कळलं. आई साताऱ्याहून कंदी पेढे पाठवणार आहे, पत्ता तुमच्या बहिणीकडून घेतला आहे. "काही नको" म्हणालात तर दोन किलो येतील.

तुमची,
साताऱ्याच्या बाईंची लेक