सागवानाच्या रेषा शिकवणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सलाम.

यंदा महालक्ष्म्यांच्या दर्शनाला आलेल्या बायका हळदी-कुंकू झालं की खांबांवरून हात फिरवायच्या आणि विचारायच्या, "एवढं सागवान कुठून आणलं गं?" ते पीव्हीसीचे पाइप आणि प्लायवूड आहे, त्यावर रंगाने काढलेल्या लाकडाच्या रेषा मात्र चाचांनी शिकवलेल्या, असं मी प्रत्येकीला सांगितलं. तेवढ्यानं माझं मन भरलं नाही, म्हणून हे पत्र.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या औसा तालुक्यात लोकांनी माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताची, धास्तीच घेतली. आमचंही माळवद उतरलं, त्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकला आणि खांब-तुळयांसोबत महालक्ष्म्या बसायची जुनी जागाही गेली. सासूबाईंना ती एकदा पुन्हा बघायची होती. बाजारात लाकडी डिझाइनचा चिकट कागद मिळतो, पण त्यात ठरावीक अंतरावर तीच ती गाठ परत येते. ते डोळ्यांना खुपतं.

तुम्ही ब्रश हातात द्यायच्या आधी मला वाड्यातल्या उरलेल्या दारासमोर उभं केलंत. "पहले लकडी देखो." फळीच्या मधोमध निमुळत्या कमानी, कडेला सरळ रेषा. उभ्या लाकडात रेषा उभ्या, आडव्या पट्टीत आडव्या, आणि सांध्यापाशी दोन्ही अडतात. मखराची चौकट रंगवताना चिकटपट्टी लावून एकेक भाग वेगळा का करायचा, ते तिथेच कळलं.

पाइप आधी पॉलिश पेपरने घासायचा, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिक रंग धरत नाही. मग प्रायमर, त्यावर फिकट बदामी ऑइल पेंट. तो पक्का वाळल्यावर जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि तपकिरी स्टेनर यांचा पातळ हात. आपल्याकडच्या उन्हात पाण्याचा रंग बघता बघता वाळतो, तेलाचा हाताला सवड देतो.

आणि तुमचं ते मनगट! रेषा कोरलेला अर्धगोल रबरी ठोकळा ओल्या रंगावरून खाली ओढताना ते किती सावकाश कलायचं, आणि रबराखाली कमानीवर कमान उघडत जायची. जरा लवकर कलवलं की गाठ. फळी संपेपर्यंत हात थांबवायचा नाही, कारण थांबला तिथे आडवा पट्टा उमटतो. दर वेळी रबर चिंधीला पुसायचं. गोल खांबावर ठोकळा नीट टेकत नाही, म्हणून तिथे तुम्ही रबराचा कंगवा कापून दिलात आणि कोरड्या ब्रशने रेषांची धार मोडायला शिकवलंत. वरून वॉर्निश चढलं आणि सासूबाई कितीतरी वेळ तिथून हलल्या नाहीत.

एका गोष्टीसाठी तर वेगळे आभार मानायला हवेत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत आणि जाताना प्रत्येक चिंधी पाण्याच्या डब्यात बुडवलीत. घरात पडदे, कापूस, समया. तुमची ही काळजी मी विसरणार नाही.

आता देवघराच्या लोखंडी दारालाही तसंच करायचं म्हणते. गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात मारून ठेवते. तपकिरी किती गडद धरायचा, ते तुम्ही येऊन सांगा. येताना चाचींनाही घेऊन या, जेवूनच जायचं.

तुमची,
औशाची सूनबाई